ऊट आय्ता? जेवायला तयार नसलेल्या समुद्री माशाचं काय करायचं

म्हैसूरच्या रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, "ऊट आय्ता?" म्हणजे, जेवण झालं का? उत्तर काहीही द्या, विचारणाऱ्याला तुमची खुशाली कळते. समुद्री मासे पाळणाऱ्याच्या घरीही रोज सकाळी हाच प्रश्न असतो, फक्त तो काचेपलीकडे विचारायचा असतो आणि उत्तर बऱ्याचदा "नाही" असं येतं.

टाकी, मीठ आणि फिल्टर यांवरचे भाग झाल्यावर सगळ्यात जास्त विचारणा याच गोष्टीची झाली. बेळगावहून, पुण्याहून, बडोद्याहून, सगळीकडून एकच तक्रार. मासा आणला, दिसायला ठणठणीत आहे, पाच दिवस झाले, दाण्याला तोंड लावत नाही. गप्पी, मोली, गोल्डफिश पाळलेल्या माणसाला हे नवीनच असतं. ते मासे टाकीत सोडल्या सोडल्या तुमच्या बोटामागे धावतात. मग समुद्री माशालाच एवढे नखरे कशासाठी?

मला "नखरे" हा शब्दच आवडत नाही. गोड्या पाण्यातले दुकानात मिळणारे बहुतेक मासे तळ्यांत नाहीतर हौदांत जन्मलेले असतात. त्यांच्या कितीतरी पिढ्या दाण्यावर वाढल्या आहेत. वरून भुरभुरत पडणारी तपकिरी गोष्ट म्हणजे जेवण, हे त्यांना जन्मापासून माहीत असतं. समुद्री माशांच्या बहुतेक जाती मात्र अजूनही प्रवाळखडकांवरून पकडून आणल्या जातात. त्या माशाच्या लेखी अन्न म्हणजे खडकाच्या फटीत हलणारा किडा, शेवाळाचा तुरा, किंवा पाण्यात झटके देत पोहणारा बारीक जीव. गोळी पेंड त्याने कधी पाहिलेलीच नसते. आमच्याकडे येणारे पाहुणे बिसी बेळे बात बघून "ही खिचडी का?" असं विचारून तरी घेतात. माशाला विचारायचीही सोय नाही. तो ती वस्तू ओळखत नाही आणि ओळखत नाही म्हणून खात नाही.

यात प्रवासाची भर पडते. मासा पकडला जातो, किनाऱ्यावर एका टाकीत राहतो, मग निर्यातदाराकडे जातो. पिशवीत पाणी घाण होऊ नये म्हणून पाठवण्याआधी दिवस-दोन दिवस त्याला मुद्दाम उपाशी ठेवतात. पुढे विमान, आयातदार, बेंगळुरूचा घाऊक व्यापारी, तिथून आमच्याकडे तीनेक तासांचा रस्ता. म्हणजे तो तुमच्या घरी पोचतो तेव्हा त्याच्या पोटात आठवडाभर धड काही गेलेलं नसण्याची शक्यता असते. तुमचा पाचवा दिवस हा त्याचा बारावा दिवस असू शकतो. हे गणित डोक्यात असलं की "बघू अजून आठवडाभर" असं म्हणायची हिंमत होत नाही. मोठा, मांसल मासा दोन-दोन आठवडे तग धरतो. अँथियाससारखे लहान, सतत पोहणारे मासे मात्र काही दिवसांतच खंगतात.

पिशवीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, कारण पुढच्या उपोषणाची सुरुवात बऱ्याचदा इथे होते. बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा सामू खाली येतो. त्याच पाण्यात त्याच्या शरीरातून आलेला अमोनियाही साठलेला असतो, पण सामू कमी असेपर्यंत त्यातला बराचसा अमोनियम या कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी रूपात येतो. लांबचा प्रवास करून आलेल्या माशाला पिशवी उघडून दीड-दोन तास थेंब-थेंब पाणी देत बसणं म्हणजे त्याला त्या विषात बसवून ठेवणं. बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, दुकानदाराकडून आधीच पाण्याची क्षारता विचारून घ्या, वेगळ्या टाकीतलं पाणी त्या क्षारतेला आणून ठेवा आणि पिशवी उघडल्यावर मासा पटकन त्यात हलवा. पिशवीतलं पाणी मोरीत. टाकीची क्षारता नंतर दोन-चार दिवसांत हळूहळू वाढवता येते.

पहिल्या दिवशी अन्न देऊ नका. दिवे बंद, खोलीत वर्दळ कमी, लपायला नळीचे तुकडे किंवा मातीची कुंडी. घरातल्या मुलांना काचेवर टकटक करू नका म्हणून सांगावं लागतं. काही मोठ्यांनाही सांगावं लागतं.

तापमानाची गोष्ट म्हैसूरकरांनी विशेष लक्षात घ्यावी. मुंबईत, चेन्नईत समुद्री टाकीवाला उन्हाळ्यात पाणी थंड ठेवायच्या यंत्राच्या बिलाने हैराण असतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर राहतो. एप्रिलमधले काही आठवडे सोडले तर उकाड्याचा त्रास कमी. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लहान टाकीचं पाणी बावीस अंशांपर्यंत सहज उतरतं. प्रवाळखडकावरच्या माशाला पंचवीस ते सत्तावीस अंश हवे असतात. पाणी गार पडलं की त्याची पचनक्रिया मंदावते, भूक मरते. हिवाळ्यात आणलेला मासा खात नाही अशी तक्रार आली की मी आधी हीटरबद्दल विचारतो. कोल्हापूर, बेळगाव, पुणे, नाशिक इथल्या मंडळींनाही हे लागू आहे. बाकी पाण्याचं थोडक्यात: विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान आणि अमोनिया शून्य. "जवळजवळ शून्य" चालत नाही.

आता निरीक्षण. टाकीसमोर खुर्ची टाकून बसा, जरा लांबून. अन्न पडल्यावर मासा काय करतो ते बघा. तो जवळ येतो, एक डोळा वळवून बघतो, तोंडात घेतो आणि थुंकतो, तर खूश व्हा. त्याला भूक आहे, फक्त पदार्थ पटलेला नाही. असे मासे बहुतेक वेळा वळणावर येतात. जो मासा अन्नाकडे बघतही नाही, कोपऱ्यात तोंड घालून आहे, टाकीतल्या इतरांपेक्षा भराभर कल्ले हलवतोय, अंग खडकावर घासतोय, त्याचा प्रश्न जेवणाचा नाही, दुखण्याचा आहे. कल्ल्यांवरचे परजीवी, पांढरे ठिपके, अंगावर मखमलीसारखी पिवळट भुकटी, यांवर आधी उपचार हवेत. लांब, पांढरी, दोरीसारखी विष्ठा दिसली तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यायचा. औषधाच्या बाबतीत एक अडचण आहे. तांब्याचं औषध परजीवी मारतं आणि माशाची भूकही मारतं. म्हणून लक्षणं नसतील तर न खाणाऱ्या माशाला "खबरदारी म्हणून" पहिल्याच दिवशी तांब्यात घालू नये असं माझं मत आहे. आधी त्याला खाता करा. याउलट मत असलेले जाणकार आहेत आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत. पण उपाशी मासा औषध सोसत नाही हे मी पुरेसं पाहिलं आहे.

मासा किती खंगला आहे हे पोटापेक्षा डोक्यावरून कळतं. समोरून बघा. डोळ्यांच्या मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला मांस भरलेलं असतं. तिथे खड्डा पडू लागला, पाठीचा भाग सुरीच्या धारेसारखा दिसू लागला, म्हणजे शरीराने स्वतःचे स्नायू खायला घेतले आहेत. तिथून परत आणणं फार अवघड.

आता ज्या माशाबद्दल सगळ्यात जास्त विचारलं गेलं त्याच्याकडे वळू. कॉपरबँड. चांदीसारख्या अंगावर तांबूस पिवळे उभे पट्टे, शेपटीकडे एक खोटा डोळा आणि चिमट्यासारखं लांब तोंड. हे तोंडच त्याची कुंडली सांगतं. तो खडकांच्या फटींत चोच घालून किडे आणि बारीक कवचधारी जीव उपसून खातो. पाण्यात तरंगणारी गोष्ट पकडणं हे त्याचं काम नाही. त्याच्यासमोर गोळी टाकणं म्हणजे बगळ्याला ताटलीत खीर वाढणं.

माझ्याकडच्या कॉपरबँडचा क्रम सांगतो, कारण त्यात बहुतेक युक्त्या येतात. शंभर लिटरची वेगळी टाकी, दुसरा मासा नाही, मधोमध फटी असलेले कोरडे कृत्रिम खडक. दुसऱ्या दिवशी जिवंत, मोठे आर्टेमिया सोडले. बाकी मासे यावर तुटून पडतात. याने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तिसऱ्या आणल्या. कोकणातल्या, गोव्यातल्या मंडळींना तिसऱ्या सांगायला नकोत. मंगळूरकडे तुळूत यांना मरवाई म्हणतात आणि किनाऱ्यावरून बर्फातून येणाऱ्या मासळीत त्या आमच्याकडे अधूनमधून मिळतात. आणल्यावर काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवल्या, म्हणजे त्यांच्यातले परजीवी टाकीत येण्याचा धोका कमी होतो. मग एक तिसरी वितळवली, सुरीने उघडली, एक शिंपला फेकला आणि मांस चिकटलेला दुसरा शिंपला खडकाच्या फटीत अर्ध्या उंचीवर घट्ट बसवला. तळाला टाकायची नाही. हा मासा अन्न शोधतो खडकाच्या अंगावर, वाळूत नव्हे.

पहिल्या दिवशी त्याने तिच्याभोवती घिरट्या घातल्या. दोन तासांनी मी ती काढून टाकली. शिंपल्याचं मांस पाण्यात फार लवकर कुजतं, आणि "राहू दे, रात्री खाईल" या आशेवर ठेवलेली तिसरी सकाळपर्यंत अमोनिया वाढवून ठेवते. अमोनिया वाढला की उरलीसुरली भूकही गेली. न खाणाऱ्या माशाला जास्त अन्न घालून मारणं हा या छंदातला सगळ्यात सर्रास मृत्यू आहे. सहाव्या दिवशी पहिली चोच पडली. आधी कडेचा झालरीसारखा भाग, मग आतला. आठव्या दिवशी शिंपला लखलखीत साफ.

इथे बरेच जण थांबतात आणि महिनोन्महिने तिसऱ्याच घालत राहतात. तसं करू नये. काही शिंपल्यांच्या आणि माशांच्या कच्च्या मांसात थायामिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. केवळ त्यावर ठेवलेला मासा पोट भरलेलं असूनही आजारी पडतो. म्हणून शिंपल्याचा उपयोग ताटलीसारखा करायचा. साफ झालेला तोच शिंपला घेतला, त्यात थोडं तिसरीचं मांस आणि बारीक चिरलेली कोलंबी दाबून भरली. त्याला शिंपला ओळखीचा होता, त्याने खाल्लं. दोन दिवसांनी मांस कमी, गोठवलेले मायसिस जास्त. मायसिस म्हणजे बोटाच्या पेराएवढी, कोलंबीसारखी दिसणारी बारीक समुद्री जात. पुढच्या टप्प्यात शिंपला भरताना थोडे मायसिस सुटे सोडले, सुई काढलेल्या सिरिंजला हवेची बारीक नळी जोडून, अगदी त्याच्या तोंडासमोर. शिंपल्यातून सुटून तरंगणारा तुकडा त्याने पहिल्यांदा पाण्यात पकडला तो सोळावा दिवस. त्यानंतर शिंपला लागला नाही. गोळी तो आजही खात नाही आणि मी आग्रह धरत नाही.

या सगळ्याचा गाभा एकच आहे: ओळखीच्या गोष्टीला अनोळखी गोष्ट चिकटवायची आणि ओळखीची हळूहळू काढून घ्यायची. कधी ओळखीची गोष्ट चव असते, कधी जागा, कधी हालचाल. कोणत्या माशाला यातलं काय महत्त्वाचं, ते त्याचं तोंड आणि डोळे बघून ठरवा.

लायनफिशला हालचाल महत्त्वाची. आपल्या किनाऱ्यावरही सापडणारा हा काटेरी मासा जिवंत, पळणारं भक्ष्यच ओळखतो. दुकानदार तुम्हाला गप्पी द्या म्हणून सांगेल. सुरुवातीला दोन-तीन वेळा ठीक आहे, पण गोड्या पाण्यातल्या माशांच्या चरबीची घडण समुद्री माशाला मानवत नाही. रोजचा आहार तो नव्हे. पारदर्शक प्लास्टिकच्या काडीच्या टोकाला कोलंबीची किंवा माशाची पातळ पट्टी अडकवा आणि ती त्याच्यासमोर धडपडल्यासारखी हलवा. लगेच तोंडाजवळ न्यायची नाही, पळवायची. हातावर मात्र लक्ष ठेवा, त्याचे काटे विषारी आहेत.

पावडर ब्लू आणि तत्सम सर्जन माशांना जागा आणि चव दोन्ही महत्त्वाचे. ते शेवाळ खरवडणारे. सुशीसाठी मिळणाऱ्या नोरीचा बिनमसाल्याचा, बिनमिठाचा तुकडा रबरबँडने गोट्याला बांधून खडकात ठेवा. क्लिपने काचेला लावलेली नोरी त्यांना सुरुवातीला दिसतच नाही, कारण त्यांच्या समुद्रात काचेवर काही उगवत नव्हतं. हे मासे खात नसतील तर टाकीत दुसरं कोण आहे तेही बघा. आधीपासून राहणारा दुसरा सर्जन मासा नवख्याला खाऊ देत नाही. मधे जाळीचा पडदा घाला. उलट, शांत स्वभावाचे क्रोमिससारखे खादाड मासे सोबत असले तर फायदा होतो. ते बिनधास्त खातात आणि नवखा त्यांच्याकडे बघून धीट होतो. पंगतीत एकाने सुरुवात केली की बाकीच्यांचा संकोच जातो, तसंच.

मँडरिनचं प्रकरण वेगळं. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा छोटासा मासा दिवसभर खडकावर टिपत असतो, आणि टिपतो ते कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव. त्याला दिवसातून दोनदा जेवण ही कल्पनाच नाही. नव्या टाकीत सोडलेला मँडरिन पहिले पंधरा दिवस सुखात दिसतो, कारण आधी वाढलेले कोपेपॉड तो संपवत असतो. नंतर काही उरत नाही आणि दोन महिन्यांत तो हळूहळू वाळतो. मालकाला वाटतं, अचानक गेला. ज्यांची टाकी किमान वर्षभर जुनी नाही, खडकांवर बारीक जीवसृष्टी बसलेली नाही, त्यांनी तो घेऊ नये. घेतलाच असेल तर वेगळ्या बरणीत कोपेपॉड वाढवणं आणि ताजे उबवलेले आर्टेमिया रोज तीन-चार वेळा देणं, हा रस्ता आहे.

आर्टेमिया घरी उबवणं सोपं आहे, आणि हे ज्याला येतं त्याच्या हातात निम्मी लढाई येते. ही खाऱ्या सरोवरांत, मिठागरांत राहणारी बारीक कोळंबीसारखी जात. मुंबईच्या मिठागरांतही तिची नोंद झालेली आहे. तिची सुकलेली अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात. प्लास्टिकची दोन लिटरची बाटली घ्या, बूड कापा, उलटी टांगा, झाकणातून हवेची नळी. एक लिटर पाण्याला पंचवीस-तीस ग्रॅम मीठ, चमचाभर अंडी, भरपूर हवा, वर दिवा, तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपास. चोवीस तासांत नारिंगी ढग दिसतो. म्हैसूरच्या थंडीत दीड दिवस धरा, किंवा बाटली टाकीच्याच उबदार पाण्यात बसवा. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर येतात, पिल्लं खाली, प्रकाशाकडे गोळा होतात. खालचं पाणी जुन्या मलमलीतून गाळा, स्वच्छ पाण्याने धुवा, टाका. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, लहान माशांच्या आतड्यात ती अडकतात.

उबल्यानंतरचे पहिले काही तास ही पिल्लं पौष्टिक असतात, कारण अंड्यातला बलक त्यांच्या अंगात असतो. तो ती स्वतःच वापरतात. रात्री उबलेली पिल्लं दुसऱ्या संध्याकाळी दिली तर मासा हलणारं पाणी खातो म्हणा ना. पहिली कात टाकल्यावर त्यांचं तोंड उघडतं, तेव्हा त्यांनाच काही खाऊ घालून मग माशाला देता येतं. मोठ्या आर्टेमियाचंही तेच, ती उपाशी असेल तर पोकळ. देण्याआधी काही तास स्पिरुलिनाची पूड पाण्यात सोडा, तिचं पोट हिरवं दिसेल. स्पिरुलिना आमच्या गावात परकी नाही. १९५० साली चेलुवांबा महालात सुरू झालेल्या सीएफटीआरआयने, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, तिच्या लागवडीवर आणि वापरावर बरंच काम केलं आहे. ते माणसांच्या पोषणासाठी होतं, माझ्या माशांनी त्याचा लाभ घेतला इतकंच. मात्र समुद्री माशाला लागणारं डीएचए हे स्निग्धाम्ल स्पिरुलिनातून मिळत नाही. त्यासाठी माशाच्या तेलाचं तयार मिश्रण किंवा प्रत्यक्ष समुद्री अन्नच हवं.

आणि इथे महाराष्ट्रातल्या मंडळींचा मला हेवा वाटतो. तुमच्याकडे जवळा आहे. आयात केलेल्या मायसिसच्या छोट्या पाकिटाला जे पैसे पडतात, त्यात ससून डॉकला किंवा अलिबागला पिशवीभर ओला जवळा येतो. एक ते तीन सेंटिमीटरची ही कोळंबीची जात आकाराने, चवीने, पाण्यातल्या दिसण्याने मायसिसच्या फार जवळची आहे. ताजा, बिनमिठाचा, बर्फ न वितळलेला बघून घ्या, गोड्या पाण्यात पटकन विसळा, पातळ थर करून गोठवा आणि हवा तेवढा तुकडा मोडून वापरा. लहान तोंडाच्या माशांसाठी कात्रीने कापा. सुका जवळा मात्र या कामाचा नाही. त्यात मीठ आणि वाळू असते, आणि भिजवल्यावरही तो चामट राहतो. तो कांदा घालून तुम्हीच खा. मुंबईहून आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी चितळ्यांची बाकरवडी आणू नका, जवळा आणा असं सांगतो. एसी डब्यातून तो आणल्यावर पाहुणे पुन्हा येतीलच असं नाही.

लसणाबद्दल विचारलं नाही असा एकही आठवडा जात नाही. अन्न लसणाच्या रसात भिजवलं की मासा खातो, हा समज जगभर आहे. माझं मत: काही माशांत वासामुळे कुतूहल जागं होताना दिसतं, नुकसान फारसं नाही, पण तो परजीवी बरे करतो हे मानून खरे उपचार टाळू नका. तिसरीचं पाणी हा लसणापेक्षा कितीतरी चांगला वास आहे.

काही माशांना मात्र कोणतीही युक्ती चालत नाही. फुलपाखरू माशांच्या काही जाती फक्त जिवंत प्रवाळाचे जीव खातात. शेव्हरन म्हणजे बाणासारख्या नक्षीचा पांढरा फुलपाखरू मासा, किंवा मेलन हे त्यातले. त्यांना घरी आणणं म्हणजे उपासमारीची तारीख ठरवणं. आणि प्रवाळ आणून घालीन म्हणाल, तर भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत. वाळलेला सांगाडासुद्धा. समुद्रघोडेही त्याच अनुसूचीत, म्हणून "खात नाही, काय करू" हा प्रश्न त्यांच्याबाबतीत यायलाच नको. मूरिश आयडॉल कायद्याने अडवलेला नाही, पण तो टाकीत महिनोन्महिने खाऊनही कमी होत जातो. सिनेमात पाहून मुलं हट्ट धरतात. त्यांना मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर न्या. तिथे पाण्यात डोकं घातलं की फुलपाखरू मासे फुकट दिसतात, आणि सगळे जेवलेले असतात.

ज्यांना हा सगळा खटाटोप नको त्यांच्यासाठी टाकीत जन्मलेले मासे आहेत. मंडपम आणि विळिंजम इथल्या सीएमएफआरआयच्या केंद्रांनी, म्हणजे १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, क्लाउनफिश आणि डॅमसेल माशांच्या पैदाशीच्या पद्धती बसवल्या. नव्या मुंबईत ऐरोलीलाही शोभिवंत समुद्री जीवांच्या पैदाशीचं काम झालं आहे. क्लाउनफिशची अंडी आठवड्याभरात, अंधार पडल्यावर फुटतात. पिल्लांना आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, मग आर्टेमिया, मग बारीक दाणा. म्हणजे मी वर जे सगळं सांगितलं ते शिक्षण त्यांचं महिन्या-दोन महिन्यांच्या वयात पैदास केंद्रातच पूर्ण झालेलं असतं. पहिला समुद्री मासा घेणाऱ्याने हाच घ्यावा. दुकानदाराला "हा पकडलेला की पैदास केलेला?" असं स्पष्ट विचारा.

आणि पकडलेला घेणार असाल तर पैसे काढायच्या आधी आमच्याकडे मी एकच शब्द विचारतो: "तिन्नुत्ता?" खातो का? "हो, सगळं खातो" या उत्तराला किंमत नाही. माझ्यासमोर घालून दाखवा म्हणायचं. कोणता पदार्थ, गोठवलेला की जिवंत, पाण्यात पकडला की तळावरून उचलला, हे सगळं बघायचं. आताच पोट भरलंय असं सांगितलं तर उद्या या. पैसे आगाऊ देऊन आठवडाभर दुकानातच ठेवा, अशी विनंती चांगले दुकानदार मान्य करतात.

मासा खायला लागला की घाई करू नका. खंगलेल्या माशाला एकदम ताट भरून दिलं तर ते बाहेर पडतं किंवा पाणी बिघडवतं. चिमूटभर अन्न, दिवसातून चार-पाच वेळा, वीस मिनिटांत न संपलेलं काढून टाकायचं. ऑफिसला जाणाऱ्यांनी सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा आणि झोपण्यापूर्वी एकदा. डोळ्यांमागचा खड्डा भरून यायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर त्याला मोठ्या टाकीत, इतरांच्या पंगतीत बसवू नका. तिथे अन्न पडताच जे झुंबड करतात ते याला एक कणही मिळू देणार नाहीत. दर रविवारी त्याच कोनातून, समोरून, एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटो शेजारी ठेवले की कळतो. पुढच्या भागात कोपेपॉडची बरणी कशी लावायची ते करून दाखवतो. काचेची पाच लिटरची बरणी आणि हवेचा पंप तेवढा आणून ठेवा.